पहिल्या ओळीखाली

"हीच का रं खुर्ची?" शिवाण्णानं मला तिसऱ्यांदा विचारलं.

"हीच. बस आता," मी म्हणालो. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. त्याच्याशी मी तसाच बोलायचो.

"एवढ्या लांबनं त्याचं तोंड दिसंल न्हवं?" तो मात्र मोठ्यानं बोलला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. पुढच्या रांगेतली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

"दिसंल. दुसरी रांग हाय."

कार्यक्रम सहाला होता आणि आम्ही चारलाच येऊन बसलो होतो. शिवाण्णानं मुलाच्या लग्नातला पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. खिशाला नेहमीची लाल पेन्सिल होती. ती कशाला आणली म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "असू दे. सही मागायची झाली तर?"

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीत त्या वेळी हेरंब पाटणकरचं वेड होतं. हेरंब पुण्याचा, तिशीतला विनोदी कलाकार. दर रविवारी सकाळी त्याचा पॉडकास्ट फोनवर यायचा. दहा-बारा मिनिटं तो एकटाच बोलायचा. गाणं नाही, पाहुणा नाही, मागे हसण्याचा आवाजसुद्धा नाही. सुरुवातीला विचारायचा, "कुणी ऐकतंय का?" आणि तीन सेकंद गप्प बसायचा. त्या तीन सेकंदांत ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "ऐकतोय!" कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळे म्हणायचे. आमच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर चहावाला सुहेल स्पीकर लावायचा आणि पंधरा-वीस माणसं हातात कप धरून एकदम म्हणायची, "ऐकतोय!" रिक्षांच्या पाठीवर ते लिहिलेलं होतं. एका न्हाव्यानं दुकानाच्या आरशावर लिहून घेतलं होतं. सुहेलनं गल्लीतल्या पोरांना घेऊन 'ऐकतोय मंडळी' असं मंडळ काढलं होतं आणि त्यांनीच खटपट करून हेरंबला गावात आणलं होतं. आमचे दोन पास त्यांचेच.

शिवाण्णा आणि मी एकाच कापड कारखान्यात यंत्रमागावर होतो. तो ओळीच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागवाले ओठांनी बोलतात. पाच-सहा माग पलीकडच्या माणसाशी आम्ही घरचं-दारचं सगळं बोलायचो, आवाज न काढता. त्यात एकच अडचण. ज्याला तोंड दिसतं, त्याला सगळं कळतं. खासगी काही सांगायचं असलं तर माणूस भिंतीकडे वळायचा नाहीतर तोंडावर टॉवेल धरायचा. नवीन आलेल्याला जुनी माणसं पहिल्या दिवशी हेच सांगायची: शिवी द्यायची तर भिंतीकडं तोंड करून दे.

मागांनी आम्हा सगळ्यांचेच कान थोडेथोडे खाल्ले. शिवाण्णाचे पुरते खाल्ले. हेरंबचे पहिले आठ-दहा रविवार त्यानं ऐकले, फोन कानाला घट्ट दाबून. मग एका रविवारी त्यानं फोन उलटसुलट करून बघितला, सुहेलला दाखवला. सुहेल म्हणाला, "चालू हाय की अण्णा."  शिवाण्णानं फोन खिशात घातला आणि तो पाळीवर गेला.

त्या आठवड्यात त्यानं मला गाठलं.

"केरबा, हेरंब काय बोलला ते मला सांगशील?"

"सांगतो की."

"तसं न्हाई. लिहून दे."

"मला कुठं लिहाय येतंय?"

"मी शिकवतो."

मी हसलो. माझं वय तेव्हा एकसष्ट. अंगठ्यावर जन्म गेला होता. शिवाण्णा सातवी शिकलेला. तो म्हणाला, "तू ओठानं सांगितलंस तर तुझं तोंड दिसतंय मला, केरबाचं. कागदावर आलं तर हेरंब दिसंल. त्याचा आवाज माझ्या डोक्यात हाय. तू नुसते शब्द दे, आवाज मी घालतो."

मग ताग्यावर खूण करायच्या खडूनं तो मागाच्या लोखंडावर अक्षरं काढायचा आणि मी धागा जोडता जोडता ती घोकायचो. पहिलं अक्षर क, कारण 'कुणी ऐकतंय का' तिथूनच सुरू व्हायचं. आठ महिने लागले. त्यानंतर दर रविवारी मी नातीचा फोन घेऊन बसायचो. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, लिहायचं. दहा मिनिटांच्या बोलण्याला मला तीन दिवस लागायचे. बुधवारी पाळी सुटली की कारखान्यामागच्या कट्ट्यावर मी कागद शिवाण्णाच्या हातात द्यायचो.

त्याची एकच अट होती. "तो बोलला तसंच. तुझं काही घालू नको, त्याचं काही गाळू नको."

तो आधी पहिली ओळ वाचायचा. कुणी ऐकतंय का? मग खिशातली लाल पेन्सिल काढून त्या ओळीखाली लिहायचा, ऐकतोय. मग पुढं वाचायचा. वाचताना त्याची मान हलायची, भुवया वर जायच्या, हेरंबसारखाच मधे थांबायचा. हेरंबच्या आईनं नवीन फोन घेतला, तो भाग मला आठवतो. आई फोन करून मुलाला विचारते, "अरे, माझा फोन कुठं ठेवलाय मी?" मुलगा म्हणतो, "तुझ्या कानाला." आई म्हणते, "तिथं बघितलं, नाहीये." शिवाण्णा हे वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मागावर धोटा बदलताना त्याला परत आठवलं आणि तो एकटाच हसला. सगळं वाचून झालं की लाल पेन्सिलीनं माझ्या चुका दुरुस्त करायचा आणि कागद घडी घालून ठेवून द्यायचा.

तर तो हेरंब त्या दिवशी समोर येणार होता. कागदाची गरज नव्हती. शिवाण्णा त्याचे ओठ वाचणार होता.

नाट्यगृह भरलं. पायऱ्यांवरही माणसं बसली. पडदा वर गेला, हेरंब हसत पुढं आला, आणि त्यानं हातातला माइक तोंडासमोर धरला.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"कुणी ऐकतंय का?"

"ऐकतोय!" हजार माणसं ओरडली. खुर्च्या थरथरल्या. ती थरथर शिवाण्णाला पायातून कळली असणार. एक क्षण उशिरा तोही ओरडला, एकटाच. "ऐकतोय!" थोडे लोक हसले. हेरंब बोलायला लागला.

शिवाण्णा पुढं वाकला. डावीकडं झुकला, मग उजवीकडं. माइक काळा, मोठा. हेरंबचं नाकापासून खालचं तोंड त्याच्यामागं. शिवाण्णानं माझ्याकडं बघितलं. मी ओठांनी सांगायला लागलो, पण अंधार होता, माझंही तोंड त्याला धड दिसत नव्हतं. पाच मिनिटं त्यानं काढली. मग तो उभा राहिला. हात वर करून खाली दाबल्यासारखी खूण केली आणि ओरडला,

"माइक खाली घ्या! ऐकाय येत न्हाई!"

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, बसा की!" हेरंब थांबला. त्यानं डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं.

"आजोबा, काय म्हणालात?"

"माइक खाली घ्या! ऐकाय येत न्हाई!"

हेरंबनं माइककडं बघितलं, शिवाण्णाकडं बघितलं. तीन सेकंद गप्प. मग म्हणाला, "माइक खाली घेतल्यावर तुम्हाला जास्त ऐकू येतं? मग मी एक काम करतो आजोबा, पुण्याला घरी जातो. तिथून तर एकदम खणखणीत ऐकू येईल."

नाट्यगृहात हशा फुटला. माणसं खुर्च्यांवर हात आपटायला लागली. सुहेल पहिल्या रांगेत हसून दुमडला होता.

शिवाण्णा उभाच होता. त्यानं वळून सगळीकडं बघितलं. एवढी तोंडं हसताना बघून त्याच्या चेहऱ्यावरही हसू आलं. त्यानं माझा खांदा हलवला. स्टेजचा उजेड माझ्या तोंडावर येईल असा मी वळलो.

"काय म्हणला रं?"

मी म्हणालो, "तुझं स्वागत केलं. म्हणला, असं ऐकणारं माणूस पाहिजे."

"मला?"

"तुला."

शिवाण्णानं शर्ट नीट केला. हेरंबला नमस्कार केला. मग वळून मागच्या माणसांना केला. मग वर बाल्कनीकडं बघून हात जोडले. लोक आणखी हसले, टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. हेरंबनंही स्टेजवरून वाकून नमस्कार केला. शिवाण्णा खाली बसला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माइक शेवटपर्यंत खाली आला नाही.

बाहेर पडताना त्याला पोरांनी गराडा घातला. "आजोबा, एक फोटो!" "माइक खाली आजोबा!" मंडळातली पोरं त्याच्या खांद्यावर हात टाकून उभी राहत होती. खोटं कशाला बोलू, त्यांच्या डोळ्यांत माया होती. सुहेलनं तर त्याला कडेवर उचलायचंच बाकी ठेवलं. घरी जाताना शिवाण्णा म्हणाला, "सगळी पोरं 'माइक खाली' म्हणत हुती. बघितलंस? म्हंजे त्यांनाबी दिसत नसणार तोंड."

"व्हय."

"हात दुखलं रं नमस्कार करून."

सोमवारी आम्ही कामावर गेलो. रावसाहेबाला पास मिळाला नव्हता. तो माझ्यापासून चार माग पलीकडं. त्यानं ओठांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? मी त्याला सांगितलं. दिवसभर काम केलं, घरी गेलो.

रविवारची वाट न बघता हेरंबनं त्याच रात्री आमच्या गावचाच कार्यक्रम पॉडकास्टवर टाकला. शिवाण्णाचं ओरडणं त्यात होतं, हेरंबचं उत्तर होतं, हजार माणसांचं हसणं होतं. चहाच्या गाड्यावर दिवसातून दहा वेळा वाजायचं. कुणी कुणाचं ऐकेनासं झालं की दुसरा म्हणायचा, "माइक खाली घे!" मंगळवारची रात्र मी नातीचा फोन घेऊन जागून काढली. सुरुवातीचं सगळं लिहिलं. शिवाण्णाच्या जागेपाशी आलो आणि थांबवलं. परत ऐकलं. मग लिहिलं: "आजोबा, तुमच्यासारखे ऐकणारे आहेत म्हणून मी बोलतो. यांच्यासाठी जोरात टाळ्या!" पुढचं परत जसंच्या तसं लिहिलं.

एवढ्या कागदांत माझं असं ते पहिलंच वाक्य होतं. त्यात एकही चूक नव्हती.

बुधवारी कट्ट्यावर शिवाण्णा आधीच बसला होता. मी कागद दिला. त्यानं पहिली ओळ वाचली. लाल पेन्सिल काढली, खाली लिहिलं, ऐकतोय. लिहून झाल्यावर त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाचायला लागला.

त्या जागेवर तो थांबला. परत वाचलं. ओठ हलवून वाचलं.

"हे हेरंब बोलत न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"त्याचा आवाज लागत न्हाई ह्याला. मी घालून बघितला."

मी म्हणालो, "स्टेजवर माणूस जरा येगळं बोलतंय, शिवाण्णा."

त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"सोमवारी मी चार नंबरच्या मागावर हुतो. धागा तुटला हुता. वर बघितलं तर तुझं तोंड माझ्याकडं हुतं."



सोमवारी मी रावसाहेबाला सगळं सांगितलं होतं. हेरंबचं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं होतं, मधले तीन सेकंद थांबून. शिवाण्णा कसा उभा राहिला, हात कसा खाली दाबला, ते करून दाखवलं. मग वळून वळून नमस्कार केले, एक डावीकडं, एक उजवीकडं, एक वर बाल्कनीला. रावसाहेब मागाला धरून हसला. त्यानं परत करायला सांगितलं आणि मी परत केलं.  विनोद चांगला होता. चाळीस वर्षं त्या कारखान्यात काढली, आणि भिंतीकडं तोंड करायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

"शिवाण्णा..."

"ओठ हलवू नको," तो म्हणाला. "लिही."

त्यानं कागद उलटा करून माझ्यापुढं ठेवला. मी खिशातलं पेन काढलं.

"तो बोलला ते लिही. तसंच."

मी लिहायला लागलो. माइक खाली घेतल्यावर तुम्हाला जास्त ऐकू येतं? मला अक्षरं लवकर येत नव्हती. एक एक शब्द जुळवावा लागत होता. शिवाण्णा शेजारी बसून प्रत्येक अक्षर उमटताना बघत होता. कारखान्यात दुसऱ्या पाळीचे माग सुरू झाले. मग मी एक काम करतो आजोबा, पुण्याला घरी जातो. मी तळहात विजारीला पुसला. तिथून तर एकदम खणखणीत ऐकू येईल. पेन ठेवलं.

शिवाण्णानं वाचलं. वाचताना त्याची मान हलली. तीन सेकंदांच्या जागी तो थांबला. शेवटी त्याच्या तोंडाचा कोपरा जरासा वर गेला.

"हां," तो म्हणाला. "हा हेरंब."

मग म्हणाला, "पुढचं?"

"पुढं काय?"

"मी उभा हुतो. नमस्कार केला मी. का केला, ते लिही."

"ते हेरंब न्हाई बोलला."

"मग कोण बोललं, त्याचं नाव घालून लिही. गाळू नको."

मी परत पेन उचललं. केरबा म्हणाला, तुझं स्वागत केलं. केरबा म्हणाला, असं ऐकणारं माणूस पाहिजे. माझं नाव मी त्याच्यासाठी कागदावर कधी लिहिलं नव्हतं. सही करायला शिकलो होतो, पण ते वेगळं.

त्यानं कागद घेतला. लाल पेन्सिलीनं 'स्वागत'मधला चुकलेला काना दुरुस्त केला. 'खणखणीत'ची वेलांटी दीर्घ केली. कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि उठला.

"बुधवारी येतो," तो म्हणाला.

मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी रावसाहेबाशी बोलत होतो, सुट्टीबद्दल काहीतरी. बोलता बोलता नजर गेली. शिवाण्णा समोरच होता. माझे ओठ हलताना दिसले, तसा तो भिंतीकडं वळला. धागा तुटला नव्हता, धोट्यातली सुताची कांडी संपली नव्हती. मी बोलायचा थांबलो, तेव्हा तो परत कामाकडं वळला. त्या दिवसापासून असंच झालं. मी कुणाशीही बोलायला लागलो की शिवाण्णा तोंड फिरवायचा. माझा राग होता असं नाही. चहाला बोलवायचा, तंबाखू पुढं करायचा. त्याच्याशी बोलायला गेलो तर हात पुढं करायचा, कागद मागितल्यासारखा. मला काय सांगायचं ते मी लिहून द्यायचं. भाकरी खाल्लीस का, एवढंसुद्धा. माझं तोंड त्यानं परत वाचलं नाही.

बुधवारचा कागद मात्र त्यानं सोडला नाही. हेरंब पुढं दोन वर्षं बोलत राहिला, मी लिहीत राहिलो. मी एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही. शिवाण्णा कट्ट्यावर बसून पहिली ओळ वाचायचा. लाल पेन्सिल काढायचा. पेन्सिल त्या ओळीखाली यायची, टोक कागदाला टेकायचं, आणि मग 'ऐकतोय' न लिहिताच पुढं जायचं. मी दर बुधवारी समोर उभा राहून ते टोक बघायचो.

शिवाण्णाच्या आयुष्यातल्या शेवटच्या बुधवारी तो अंथरुणावर होता. उशीला टेकून बसला, चष्मा लावला. मी कागद दिला. पेन्सिल पहिल्या ओळीखाली आली आणि थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. टोक कागदावर दाबलं गेलं, आणि एक बारीक लाल ठिपका उमटला. 

मग पेन्सिल खाली आली, दुसऱ्या ओळीतला एक ऱ्हस्व उकार तिनं दीर्घ केला, आणि तो पुढं वाचायला लागला.